बापाने गणवेश चढवला तेव्हा

मी तबलजी. अधूनमधून मूकपटांना साथ करतो. पियानोवर एक मैत्रीण असते. पुण्यातल्या एका छोट्या फिल्म क्लबाने या वेळी योए माय यांचा १९२९ सालचा जर्मन मूकपट 'अस्फाल्ट' लावला होता.

चित्रपट उघडतो तोच बर्लिनच्या रस्त्यावर. डांबर ठोकणारे कामगार, मोटारींची रीघ आणि चौकात उभा राहून वाहतूक सांभाळणारा तरुण पोलीस आल्बर्ट. रस्ता स्टुडिओत उभारलेला आहे हे सांगूनही पटत नाही. आल्बर्ट झालेल्या गुस्ताव फ्रोलिशचा हात आडवा झाला की मी ठेका रोखायचो, हात फिरला की समेवर उचलायचो. तिथे वहीत बघायला सवडच मिळत नाही, नजर पडद्यावरच हवी.

पुढे एल्झा नावाची तरुणी हिरा चोरून छत्रीच्या टोकात दडवते, आल्बर्ट तिला पकडतो आणि तिच्यातच गुंततो. तिच्या घरी झटापटीत तिचा प्रियकर त्याच्या हातून मरतो. इथवर पियानोचं राज्य.

आमचा वाद होता तो त्यानंतरच्या प्रसंगावर. आल्बर्ट घरी येऊन खून कबूल करतो. वडीलही पोलीसच. ते गणवेश चढवतात आणि पोटच्या पोराला ठाण्यावर घेऊन जातात. मैत्रिणीला तिथे करुण धून हवी होती. मला वाटत होतं, रडणं प्रेक्षकांचं त्यांच्याकडे राहू द्यावं. शेवटी तिने माझं ऐकलं. मी चौकातलाच ठेका घेतला, पण अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, आणि नुसत्या डग्ग्यावर. जो कायदा रस्त्यावर उभा होता, तोच आता घरात आला होता. वडील झालेल्या आल्बर्ट श्टाइनरुक यांचा तो जड चेहरा पाहताना मला लय धरून ठेवणं अवघड गेलं. हे थोर नट फेब्रुवारी १९२९ मध्ये वारले आणि चित्रपट मार्चमध्ये पडद्यावर आला.

खेळ संपल्यावर एक निवृत्त फौजदार आमच्यापाशी आले. म्हणाले, "साध्या कपड्यांत नेलं असतं, तर लोक म्हणाले असते बाप पोराला सांभाळून घ्यायला निघालाय. गणवेश घातला म्हणजे त्याने स्वतःचीच वाट बंद केली. आणि तरी पोराच्या बरोबर चालत गेलाच ना?"

एल्झाने ठाण्यावर येऊन खरं सांगितलं नसतं तर त्या बापाचं काय झालं असतं, यावर ते बराच वेळ बोलत राहिले. मैत्रीण सगळं ऐकत होती. पुढच्या खेळालाही त्या जागी पियानो नको, हे तिनेच वहीत लिहून घेतलं.