रूट कॅनालनंतरचा ठणका आणि माझा हट्ट

दोन महिन्यांपूर्वी माझ्या खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या मोठ्या दाढेचे रूट कॅनाल झाले. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे दाढ दुखू लागल्यावर घरात पहिला संशय कडक भाकरीवर घेतला गेला. प्रत्यक्षात दोष भाकरीचा नव्हता. दोन वर्षे अंगावर काढलेली कीड दाढेच्या नसेपर्यंत पोहोचली होती, एवढेच. खुर्चीत बसून उपचार चालू होते तेव्हा मला अजिबात दुखले नाही. दुखले ते घरी आल्यावर, आणि त्या दुखण्याचा निम्म्याहून अधिक वाटा टाळता येण्यासारखा होता, हे मला पाचव्या दिवशी समजले.

उपचार संपल्यावर मी डॉक्टरांना विचारले होते की, नसच काढून टाकल्यावर आता दुखणार तरी काय. त्या वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या, पण समजावून सांगण्याची हातोटी चांगली. दाढेचे मूळ हाडात थेट रोवलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ आवरण असते, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे, आणि त्याच्या आधाराने दात जागेवर राहतो. मुळातील नलिका बारीक कानशींनी घासून आणि जंतुनाशक द्रावणाने धुऊन साफ करताना मुळाच्या टोकाजवळच्या या आवरणाला थोडीफार इजा होते आणि ते सुजते. सभोवती हाड असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून दाढ वर उचलल्यासारखी वाटते आणि तिच्यावर नुसता दात टेकला तरी कळ येते. “मॅडम, पाय मुरगळला की हाड शाबूत असूनही पाऊल टेकवत नाही ना, तसेच समजा,” असे त्या म्हणाल्या. आधीचे दुखणे आणि हे दुखणे यांत त्यामुळे मुळातच फरक आहे. आधी गार पाण्याने सणक जाई, रात्री आपोआप ठणका सुरू होई. आता गार-गरम काही कळत नाही, कळतो तो दाब. हे दुखणे सहसा पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि आठवड्याभरात ओसरत जाते.

हे सगळे ऐकून मी घरी आले आणि पहिली चूक केली. बधिरता उतरण्याआधी, थोडे मऊ खाऊन, वेदनाशामक गोळी घ्या, असे मला स्पष्ट सांगितले होते. पण गोळ्या शक्यतो टाळाव्यात अशा संस्कारात आम्ही वाढलो. दुखत नसताना गोळी कशाला, दुखेल तेव्हा बघू, असे ठरवून मी ती पर्समध्येच ठेवली. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनने ओठ आणि जीभ तीन-चार तास बधिर राहतात. माझी बधिरता दुपारी तीनच्या सुमारास उतरली आणि चार वाजता दाढ अशी ठणकू लागली की वह्या तपासणे अशक्य झाले. मग घाईघाईने गोळी घेतली, तिचा परिणाम जाणवायला आणखी पाऊण तास गेला, आणि तोही अर्धवटच.

यामागचे कारण साधे आहे. आयबुप्रोफेन आणि त्या गटातील इतर औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रिया रोखतात. सूज आणि वेदना वाढवण्यात या द्रव्यांचा मोठा हात असतो. ती तयार होण्यापूर्वी औषध रक्तात असेल तर वेदना चढतच नाही, किंवा कमी चढते. एकदा ती भरपूर साठल्यावर मात्र औषधाला मागून धावावे लागते. म्हणून पहिले दोन दिवस गोळी दुखण्यावर नव्हे तर घड्याळावर घ्यायची असते. मला 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र, दर आठ तासांनी, जेवणानंतर घेण्यास सांगितले होते. ही दोन औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, त्यामुळे दातांच्या दुखण्यात त्यांची जोडी एकेकट्या औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते.

परंतु माझे प्रमाण तेच तुमचे, असे मात्र नाही. ज्यांना पोटाचा अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकाने उसळणारा दमा आहे, जे रक्त पातळ करण्याची औषधे घेतात, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर ते टाळावेच. पॅरासिटामॉलही निरुपद्रवी समजू नये. निरोगी प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडायची नसते, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते, हे आपल्या लक्षात राहत नाही.

गोळीपूर्वी मी आणखी एक उद्योग केला होता, तोही सांगून टाकते. घरी आल्याआल्या सवयीने चहा घेतला. ओठ बधिर असल्याने तो किती गरम आहे ते कळले नाही आणि संध्याकाळी दाढेबरोबर ओठही झोंबत होता. बधिरता पूर्ण उतरेपर्यंत गरम काही घेऊ नये, आणि गोळीपूर्वी काही खायचेच असेल तर कोमट दहीभात दुसऱ्या बाजूने, गाल चावला जाणार नाही इतक्या सावकाश खावा.

रात्री आई लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन आली. “अगं, कापसाचा बोळा ठेव दाढेत, आत्ता थांबेल,” या तिच्या आग्रहामागे चाळीस वर्षांचा अनुभव होता. लवंगेतील युजेनॉल नसेला बधिर करते, त्यामुळे किडलेल्या दाढेला तेलाने खरेच आराम पडतो. पण माझ्या दाढेत बधिर करायला नसच उरली नव्हती. दुखत होते ते खाली, मुळाच्या टोकाशी, आणि तिथवर कापसाचा बोळा पोहोचत नाही. उलट तेल हिरडीवर उतरले तर हिरडी भाजते. शेजारच्या काकूंनी गरम पाण्याची पिशवी पाठवली होती, तीही मी परत केली, कारण ताज्या सुजेवर शेक दिल्यास ठणका वाढू शकतो. उपयोग झाला तो बर्फाचा. रुमालात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे, मग तेवढीच विश्रांती, असे तीन-चार वेळा केले. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक येते आणि ठणका जोर धरतो, म्हणून एकाऐवजी दोन उशा घेतल्या आणि पहाटे कधीतरी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेत एका सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल देऊ केल्या. या बाबतीत माझे मत ठाम आहे. अँटिबायोटिक वेदनाशामक नाही. सूज पसरत नसेल, ताप नसेल, तर अशा दुखण्यात त्याने काही साधत नाही. साधते ते जंतूंना औषधाची सवय लावण्याचे काम. गरज असेल तर ते डॉक्टर लिहून देतील, आणि मग ते पूर्ण घ्यावे.

तिसऱ्या दिवशी ठणका पुष्कळ कमी झाला. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ खिचडी, ज्वारीची उकड असे चालले होते. पण एक गोष्ट तशीच राहिली. तोंड मिटले की सर्वांत आधी तीच दाढ वरच्या दाढेला लागे आणि कळ मस्तकात जाई. रूट कॅनालनंतर असे होणारच, असे समजून मी आणखी दोन दिवस सोसले. ही दुसरी आणि मोठी चूक. पाचव्या दिवशी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी निळ्या कागदाची पट्टी दातांत धरून चावायला लावले, दाढेवर गडद ठिपका उमटला, आणि वर भरलेले तात्पुरते सिमेंट किंचित उंच असल्याचे दिसले. दोन मिनिटे घासण्याचे काम झाले. जबडा बधिर असताना आपण नेहमीसारखे चावत नाही, त्यामुळे हे त्याच दिवशी लक्षात न येणे स्वाभाविक असते. परंतु सुजलेल्या आवरणावर दिवसभरात शेकडो वेळा असा घाव बसत राहिला, तर कोणती गोळी पुरी पडणार? संध्याकाळपर्यंत मी गोळीशिवाय होते.

दाढ उंच लागते असे वाटले तर फोन करायला संकोच करू नये, एवढे मी आता प्रत्येकाला सांगते. काही लक्षणे मात्र याहून गंभीर असतात. गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली वाढत असेल, ताप आला असेल, तोंड उघडणे, गिळणे किंवा श्वास घेणे अवघड होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसेच दोन-तीन दिवसांनी दुखणे उतरण्याऐवजी चढू लागले, तर ते गोळ्यांवर निभावण्याचे नसते.

तीन आठवड्यांनी कॅप बसली. दुखणे थांबले की अनेक जण कॅपसाठी परत जातच नाहीत आणि पोखरलेली दाढ एके दिवशी उभी चिरते, हे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून या वेळी मी हट्ट केला नाही. कडक भाकरी आता पुन्हा ताटात आहे. आई ती अजूनही माझ्यासाठी आमटीत चुरून ठेवते, आणि गरज उरलेली नसली तरी मी तिला तसे सांगितलेले नाही.