साडेदहाचा शो

हल्ली सिनेमा रिळांतून येत नाही. हार्ड डिस्कवर येतो, डीसीपी म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज म्हणून. शंभर-दोनशे जीबीचा ऐवज आणि बहुतेक वेळा कुलूपबंद. त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, वेगळी येते, ई-मेलने. ती एका विशिष्ट सर्व्हरसाठीच बनवलेली असते आणि ठरावीक तारखांच्या आतच चालते. वर्तमानपत्रात दर शुक्रवारी परीक्षण लिहीत होतो तोवर यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. दिवे मालवले की माझं काम सुरू व्हायचं. आता ते मालवेपर्यंतचं सगळं माझ्याकडे आहे.

मराठीत ही वाट नवी नाही. 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी उभी करणाऱ्यांमधले सुधीर नांदगावकर समीक्षकच, आणि 2002 साली सुरू झालेल्या थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सवाची धुराही त्यांनी वाहिली. चांगल्या सिनेमावर नुसतं लिहून भागत नाही, तो लोकांसमोर आणावा लागतो, हे माझ्या पिढीला त्यांच्यासारख्यांनी शिकवलं. म्हणून आमच्या शहरातल्या चित्रपट महोत्सवाने ही जबाबदारी घ्याल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो.

ही गोष्ट डिसेंबरातली, महोत्सव अर्ध्यावर आला होता. सकाळी नऊला ऑपरेटरचा फोन आला, "सर, किल्ली घेत नाहीये." आदल्या रात्री थिएटरवाल्यांनी बिघाडामुळे सर्व्हरचा मीडिया ब्लॉक, म्हणजे चित्रपटाचं कुलूप उघडणारा भाग, बदलला होता. नवा ब्लॉक, नवा अनुक्रमांक. आमच्याकडची किल्ली जुन्याची. साडेदहाला जो युरोपीय चित्रपट लागायचा होता, त्याच्यासाठी डेलिगेट आठ वाजल्यापासून जिन्यात रांगेत उभे होते. नवी किल्ली द्यायची ती चित्रपटाच्या पॅरिसमधल्या विक्री-एजंटाने, आणि तिथे पहाटेचे साडेचार वाजले होते. मेल टाकून ठेवली. ऑफिस उघडणार ते आपल्या दुपारी दीडनंतर.

अशा वेळी "दुसरा कुठलाही लावा" म्हणायला सोपं असतं. परदेशी चित्रपटाचे किती शो करायचे ते करारात मोजून दिलेलं असतं. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सवलतीच्या यादीत नसेल तर दाखवता येत नाही. म्हणजे मला हवा होता यादीतला, कुलूप नसलेला आणि ज्याचा मालक समोर उभा राहून हो म्हणेल असा सिनेमा. तसा एकच होता.

चंद्रपूरकडच्या एका तरुणाचा पहिलाच चित्रपट. कोळसा खाणीलगतच्या गावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला. त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी चारचा स्लॉट दिला होता, लहान पडद्यावर. तो फॉयरमध्ये चहा घेत उभा होता. मी सगळं सांगितलं. मोठं थिएटर, भरलेलं, पण तासाभरात. त्याने कप खाली ठेवला.

"सर, उद्या आई-बाबा येतायत. आज रात्रीच्या गाडीत बसतील."

"उद्याचा शो आहे तिथेच राहील. हा वरचा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आधी मला आवाज ऐकू द्या."

आम्ही वर गेलो. दहा-दहा मिनिटं सुरुवातीची आणि शेवटची लावून पाहिली. ध्वनिमिश्रण करताना साउंड प्रोसेसरवर 7 हा आकडा प्रमाण धरतात. आपल्याकडे थिएटरं फेडर, म्हणजे आवाजाची पातळी, त्याच्या बरंच खाली ठेवतात, आणि हळू बोलणारी माणसं पडद्यावर मुकी होतात. या मुलाच्या सिनेमात सगळेच हळू बोलतात. त्याने ऑपरेटरला हात जोडून फेडर पाचवरून साडेसहावर नेला, स्वतः मागच्या रांगेत जाऊन ऐकलं, परत आला आणि अर्ध्याने खाली घेतला. तोवर दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी मंचावर जाऊन जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काही लोक चिडले. सांगलीहून खास त्याच चित्रपटासाठी आलेले एक गृहस्थ उभे राहून बरंच बोलले, आणि त्यांचा राग रास्त होता. पाच-पन्नास माणसं उठून गेली. बाकीची बसली.

निवड करताना मी हा चित्रपट लॅपटॉपवर पाहिला होता. आवडला म्हणूनच घेतला होता. त्यात एक बाई सकाळी दोरीवर पांढरं धोतर वाळत घालते आणि कॅमेरा हलत नाही. लॅपटॉपवर ते दृश्य मला लांबलेलं वाटलं होतं. त्या सकाळी चाळीस फुटी पडद्यावर धोतरावर बसत जाणारी कोळशाची धूळ दिसली, कण न् कण, आणि शेजारी कुणीतरी खोकलं. लिंकवर सिनेमा पारखण्याची ही पद्धत सोयीची असेल, पण तिच्यात सिनेमावर अन्याय होतो, आणि तो होतो लहान सिनेमांवरच. मोठ्यांचं नाव आधीच पोचलेलं असतं.

चित्रपट संपल्यावर प्रश्नोत्तरं पाऊण तास चालली. सांगलीच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला.

पॅरिसची किल्ली दोननंतर आली, तो चित्रपट रात्री साडेनऊला ठरल्यापेक्षाही जास्त गर्दीत झाला.

दुसऱ्या दिवशी चारच्या शोला लहान थिएटरात पायऱ्यांवर माणसं बसली होती. आई-वडिलांना मधल्या रांगेत जागा राखून ठेवली होती. शो संपल्यावर मुलाभोवती कोंडाळं झालं तेव्हा वडील माझ्याकडे आले. "सायेब, हे एवढे लोकं आले. त्याचे पैसे याले भेटतेत का जी?"

"नाही, काका," मी म्हणालो.

"मंग थ्या बाहेरच्या शिनेमाचे?"

त्याचे जातात. विदेशी विक्री-एजंटाला दर शोमागे काही शे युरो आम्ही मुकाट पाठवतो. नवख्या भारतीय दिग्दर्शकाला मात्र हॉटेलची खोली, शाल आणि सन्मानचिन्ह. बहुतेक महोत्सवांत असंच चालतं, आणि समीक्षक म्हणून इतकी वर्षं महोत्सवांतून हिंडताना हा प्रश्न माझ्या कानावर कधी आला नव्हता. वडिलांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत.

महोत्सवानंतरच्या बैठकीत मी हा विषय मांडला. खजिनदारांनी सभागृहाचं भाडं, छपाई, पाहुण्यांची तिकिटं असा सगळा हिशेब समोर ठेवला. त्यांचंही खोटं नव्हतं. उद्घाटनाचा ऑर्केस्ट्रा रद्द करून पैसे काढले. पुढच्या वर्षापासून निवडलेल्या प्रत्येक भारतीय चित्रपटाला प्रदर्शन-शुल्क मिळतं. सुरुवातीला ते पॅरिसला जाणाऱ्या रकमेच्या चौथाईही नव्हतं. यंदा निम्म्यावर आणलं आहे. अंदाजपत्रकाची बैठक मार्चमध्ये आहे, आणि या वेळी स्वागत-भोजनाचा खर्च कापायचा प्रस्ताव मी आधीच लिहून दिला आहे.