दादाचा प्रश्न आणि हागारेची विहीर

दसऱ्याचा दुसरा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

काल राहाटे कॉलनी चौकापासून दीक्षाभूमीपर्यंत माणसंच माणसं होती. दादाच्या वस्तीचा पाणीवाटपाचा स्टॉल असतो, तिथं मी दरवर्षी दुपारचे दोन-तीन तास उभी राहते. यवतमाळकडून आलेली एक म्हातारी आली. काखेत पिशवी, पिशवीत नुकतीच घेतलेली दोन पुस्तकं. तिनं अर्धा ग्लास प्यायला आणि उरलेल्या पाण्यानं नातवाचं तोंड धुतलं. मी आणखी भरून देऊ लागले तर म्हणाली, "राहू दे बाई, मागं लाइन हाय."

दादा माझा सख्खा भाऊ नाही. त्याचे पणजोबा आणि माझे पणजोबा भाऊ-भाऊ. माझ्या पणजोबांनी छप्पनच्या (विक्रम संवत १९५६च्या) दुष्काळात, इसवी १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. दादाच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसमोर उभं राहून २२ प्रतिज्ञा घेतल्या. एकाच घराण्याच्या दोन वाटा, आणि दोन्ही नागपुरातच राहिल्या. नाताळला तो आमच्याकडे जेवतो, दसऱ्याला मी त्यांच्याकडे.

संध्याकाळी टेबल आवरताना तो म्हणाला, "एक विचारू? राग नको मानू." मग म्हणाला, "तुझा देव माणसाला नावानं ओळखतो म्हणतेस. डोक्यावरचे केसही त्यानं मोजले आहेत. मग आपल्या खापरपणजोबाला गावच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते, तेव्हा तो काय पाहून राहिला होता?"

आवाज चढवून नाही विचारलं त्यानं. पाण्याचे जग उपडे घालत होता, तसंच घालत राहिला. मी काहीच बोलले नाही. उत्तर असतं तर दिलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना आज सकाळी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, देव एकच, नावं वेगळी. कशाला डोकं शिणवतेस?" काकूंचा जीव मोठा आहे. माझ्या आजारपणात महिनाभर डबा त्यांनी दिला. पण हे वाक्य मला कधीच आपलंसं करता आलं नाही. दादा म्हणतो सृष्टीचा कर्ता कुणी नाही, माणसाचं दुःख माणसानंच दूर करायचं. समोरच्या आपा म्हणतात अल्लाह एकच, आणि त्याला मुलगा असणं शक्य नाही. मी मानते की देव माणूस होऊन आमच्यात राहिला, वधस्तंभावर मेला आणि उठला. ही तीन नावं एकाच गोष्टीची नाहीत. सगळं सारखंच म्हटलं तर तिघांचंही मन राखलं जातं आणि तिघांपैकी कुणाचंच ऐकलं जात नाही. दादा मला असं कधी म्हणत नाही. तो माझं म्हणणं खरं समजून त्यावर प्रश्न विचारतो. म्हणूनच त्याचा प्रश्न लागतो.

दुपारी बायबलमधल्या उत्पत्तीचा सोळावा अध्याय काढला. हागार. मिसरी दासी, अब्राहामाच्या घरातली. मालकिणीला, साराला, मूल होत नाही म्हणून हिला नवऱ्याजवळ दिली, आणि ही गरोदर राहिल्यावर तिचाच छळ केला. ती रानात पळून गेली. तिथं झऱ्याजवळ देवाचा दूत तिला गाठतो आणि पहिल्यांदा तिचं नाव घेतो. त्या घरात सारा आणि अब्राहाम तिला 'दासी' म्हणतात, नावानं हाक मारल्याचं एकदाही लिहिलेलं नाही. मग ती देवाला नाव देते: तू पाहणारा देव. संपूर्ण पवित्र शास्त्रात देवाला नाव देणारं पहिलं माणूस म्हणजे ही परकी, गुलाम बाई. तिथल्या विहिरीचं नावही त्यावरूनच पडलं.

इथवर वाचून मला वाटलं, मिळालं उत्तर, उद्या दादाला सांगते. पण मधलं एक वचन मी आजवर भरभर वाचून पुढं जात होते. दूत तिला सांगतो, मालकिणीकडे परत जा, तिच्या हाताखाली राहा.

परत जा. हे मी दादाला कोणत्या तोंडानं वाचून दाखवू? त्याच्या आजोबांना पिढ्यान् पिढ्या हेच तर सांगितलं गेलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते 'परत जा' ऐकून नव्हे. आणि आमच्या चर्चच्या मंडळीत तरी काय वेगळं आहे? माझ्या बहिणीची सोयरीक जमवताना ख्रिस्ती घरानंच विचारलं होतं, "मूळ कोणतं तुमचं?" आई त्या दिवशी जेवली नाही.

एकविसाव्या अध्यायात तिला पुन्हा बाहेर काढतात, या वेळी कायमची. खांद्यावर पाण्याची पखाल आणि सोबत पोरगा. पाणी संपतं. पोराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसते, त्याचं मरण पाहवत नाही म्हणून, आणि मोठ्यानं रडते. देव पोराचा आवाज ऐकतो, तिचे डोळे उघडतो, आणि तिला विहीर दिसते. आपा हजहून आल्या तेव्हा लहानशा बाटलीत मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे हागारला हाजरा म्हणतात; हीच हाजरा सफा आणि मरवा टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात फेऱ्या धावली, आणि आजही हाजी धावतात. एका टाकून दिलेल्या बाईमागं.

माझ्याकडे दादाच्या प्रश्नाला उत्तर नाही, हे मी आज लिहून ठेवते. पण हा प्रश्न विचारायला मला कुणीतरी समोर आहे. दादा म्हणतो, वर कुणी नाही हे कळलं की माणूस कामाला लागतो, गाऱ्हाणं करत बसत नाही. त्याच्या बाबतीत ते खरंच आहे, त्याची करुणा मी रोज पाहते. माझं तसं होत नाही. मला गाऱ्हाणं घालायला 'तू' लागतो. येशूनंही वधस्तंभावर तेच केलं, "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" म्हणून ओरडला. ज्या देवाकडे पाठ फिरवून असं विचारता येत नाही, ज्याच्याकडे तोंड करूनच विचारावं लागतं, त्याच देवावर माझा विश्वास आहे. तो विहिरीजवळ होता का, हे मी त्यालाच विचारणार. आज विचारलंही, गुडघे टेकून, आणि रडूही आलं.

एक गोष्ट मात्र संध्याकाळी आठवली. आमच्या मंडळीच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पणजोबांची ओळ आहे. शाईचा रंग तपकिरी झालाय. नाव, वय, गाव, आणि पुढं 'बापाचे नाव'. म्हणजे खापरपणजोबाचं. गावात त्याला जातीनंच हाक मारायचे. दुसऱ्या कुठल्या कागदावर त्याचं नाव आम्हाला आजवर सापडलेलं नाही. नाव इथं लिहीत नाही, ते घरचं आहे.

दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अक्षर वाचता येतं का नीट?" येतं म्हटलं. "रविवारी मी येतो. तुमची उपासना किती वाजता सुटते?"

साडेदहाला, मी सांगितलं.