डोक्याएवढं भांडं: शातियाँ-सुर-सेनची एक फेरी

मी पाच फूट दोन इंच. त्या काशाच्या भांड्याची कड माझ्या डोक्याच्याही वर होती.

हा व्हिक्सचा क्रेटर, फ्रान्समधल्या शातियाँ-सुर-सेन या गावच्या संग्रहालयातला; व्हिक्स हे शेजारचं गाव. प्राचीन ग्रीक लोक वाइन पाणी न घालता पीत नसत, तसं पिणं त्यांना रानटीपणाचं वाटे. वाइनमध्ये पाणी मिसळायचं भांडं म्हणजे क्रेटर; नावाचा अर्थच मिसळण्याचा. एरवीचे क्रेटर मातीचे, बैठकीच्या मध्यभागी ठेवण्याजोगे. हा मात्र 1.64 मीटर उंच, 208 किलो वजनाचा, आत सुमारे 1,100 लिटर मावतील असा. इसवी सनापूर्वी 500 च्या सुमारास तो इथल्या एका केल्टिक (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या केल्ट लोकांपैकी) स्त्रीच्या थडग्यात ठेवला गेला आणि जानेवारी 1953 मध्ये सापडला. तिशीतली ही बाई कोण होती, या विचाराने मी बराच वेळ तिथून हलले नाही.

घाई करू नका. आधी कान बघा: जीभ बाहेर काढलेल्या, सापांनी वेढलेल्या गॉर्गन, म्हणजे ग्रीक पुराणकथांतल्या राक्षसिणी. मग गळ्यावरची मिरवणूक: चार घोड्यांचे रथ, सारथी, मागून चालणारे शिरस्त्राणधारी सैनिक. या मूर्ती वेगळ्या ओतून नंतर बसवल्या आहेत. कुठली कुठे बसवायची ते कळावं म्हणून कारागिरांनी ग्रीक अक्षरांच्या खुणा केल्या होत्या. मला सगळ्यात जवळची वाटली ती हीच गोष्ट. पोटाचा पत्रा ठोकून इतका पातळ केलाय की त्यात अकराशे लिटर भरलेले डोळ्यांसमोर येईना. झाकणाला भोकं आहेत, म्हणजे ते गाळणंही. वर डोक्यावरून पदर घेतलेली एक छोटी स्त्रीमूर्ती.

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकाहून माँबार या गावापर्यंत वेगवान गाडीने तासाभरात पोचता येतं. खरी अडचण पुढे आहे. शातियाँला प्रवासी रेल्वे नाही आणि बसगाड्या मोजक्याच, म्हणून परतीची बस आधी ठरवा, मगच तिकीट काढा. दोघं-तिघं असाल तर गाडी भाड्याने घेणं बरं. फ्रान्समधली बरीच संग्रहालयं मंगळवारी बंद असतात, तेव्हा वार बघून निघा. थडग्याच्या जागी आज बघण्यासारखं काही नाही. गाडी असेल तर शेजारच्या माँ लासुआ टेकडीवर जा, त्या बाईच्या लोकांची वस्ती तिथेच होती. बसने आलात तर उरलेला वेळ गावातल्या दुई नावाच्या झऱ्यापाशी काढा. कड्याच्या पायथ्यातून गार, नितळ पाणी येतं आणि तिथूनच सेन नदीला मिळतं.