अकराव्या वर्षापर्यंत पहिला नंबर नाही

नॉर्वेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना बघायला गेलात, तर कोण जिंकलं हे तुमचं तुम्हीच लक्षात ठेवायचं. गोल होतात, मुलं नाचतात, हरलेली हिरमुसतात, क्वचित रडतातही. पण निकाल कुठे छापून येत नाही, गुणतक्ता लागत नाही, कोण कितवं आलं हे ठरत नाही. मुलं अर्थातच मनात गोल मोजत असतात. बंदी आहे ती मोठ्यांना.

हा काही एखाद्या हौशी क्लबचा प्रयोग नाही. इथल्या राष्ट्रीय क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये लहान मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम केले आणि २००७ मध्ये त्यांच्या जोडीला मुलांचे हक्क आणले. निकालाच्या याद्या आणि क्रमवारी मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं, त्या वर्षापासून पुढे. त्याआधी बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं. राष्ट्रीय अजिंक्यपद १३ पासून. कोणता खेळ खेळायचा आणि किती खेळ खेळायचे, हे ठरवण्यात मुलाचा शब्द चालतो. नियम देशभरातल्या सगळ्या क्लबांना बंधनकारक आहेत; मोडले तर कारवाई होऊ शकते.

मला यातला सर्वांत आवडतो तो फुटबॉलचा एक छोटासा नियम. एखादा संघ चार गोलांनी मागे पडला, की त्याला एक जादा खेळाडू मैदानात उतरवता येतो. सामना पाच-पाच जणांचा असेल, तर एका बाजूला सहा. त्यावर कुणी हरकत घेत नाही, की दयेचा आव आणत नाही. मला यात फार मोठा शहाणपणा दिसतो. दहा गोलांनी हरणाऱ्या मुलाला पुढच्या आठवड्यात यावंसं वाटत नाही, हे तर खरंच. पण दहा गोलांनी जिंकणारंही त्या अर्ध्या तासात काही शिकत नाही. जादा खेळाडू आला की दोन्हीकडच्यांना पुन्हा धावावं लागतं.

हे सगळं चालवतं कोण? पालक. प्रशिक्षक म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी आई किंवा बाबा, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानावर आलेले, पगाराशिवाय. मुलांसोबत काम करायचं तर पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला लागतो आणि तो मागितला म्हणून कुणाला राग येत नाही. उरलेलं काम दुग्नादचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं विनामोबदला काम. सामन्याच्या दिवशी टपरीवर वॉफल भाजायचे, गोलांच्या जाळ्या लावायच्या, आणि संघाच्या प्रवासखर्चासाठी घाऊक भावात आणलेल्या टॉयलेट पेपरचे गठ्ठे शेजारीपाजारी विकायचे. शिवाय नोर्स्क टिपिंग या सरकारी लॉटरीच्या नफ्याचा मोठा वाटा खेळांकडे जातो आणि तिकीट घेणाऱ्याला आपल्या रकमेतला ७ टक्के भाग आवडत्या क्लबच्या नावे लावता येतो. एवढं असूनही वॉफल भाजावे लागतातच.

नव्याने आलेल्या परक्या माणसासाठी या टपरीचं मोल फार आहे. नॉर्वेजियन माणूस बसमध्ये शेजारी बसायचं टाळतो, लिफ्टमध्ये बोलत नाही. तोच मैदानाच्या कडेला पावसात उभा असताना घरचं, नोकरीचं, आजारी वडिलांचं सगळं सांगतो. इथली माणसं मला ऑफिसात भेटली नाहीत, तिथे भेटली. माझी भाषासुद्धा तिथेच सुधारली.

आता पदकांचं. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं मिळवली. तोपर्यंत एका हिवाळी स्पर्धेत कुठल्याच देशाला इतकी मिळाली नव्हती. बर्फ आहे, पैसा आहे, अव्वल खेळाडूंसाठी वेगळी भक्कम यंत्रणा आहे, तेव्हा सगळं श्रेय मुलांच्या नियमांना देणं बरोबर नाही. पण उशिरा निवड केल्याने गुणवत्ता वाया जाते, ही भीती तरी इथे खरी ठरलेली दिसत नाही. जगप्रसिद्ध फुटबॉलपटू अर्लिंग हालांड ब्रुने या छोट्या गावात वाढला, तिथे त्याच्या वयाची मुलं चांगली-वाईट अशी वेगळी न काढता एकत्रच सराव करायची.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. मार्च २०२५ मध्ये ट्रॉनहाइमला, म्हणजे घरच्याच मैदानावर, स्कीइंगची जागतिक स्पर्धा होती. स्की जंपिंगच्या नॉर्वेजियन संघाने खेळाडूंच्या पोशाखाच्या शिलाईत बेकायदा फेरफार केल्याचं चोरून काढलेल्या व्हिडिओतून उघड झालं आणि मुख्य प्रशिक्षकाने ते कबूल केलं. लहानपणी ज्यांना जिंकण्यापेक्षा खेळणं मोठं असं शिकवलं, त्याच देशात हे घडलं याचं मला खूप वाईट वाटलं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की इथल्या लोकांनी आपल्या संघाची बाजू न घेता त्याला फैलावर घेतलं.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती पैशाची. वर्गणी वाढत चालली आहे, स्कीचं सामान महाग आहे, आणि ज्या घरात तीन मुलं आणि एकच पगार, तिथली मुलं हळूहळू यायची थांबतात. ती कुठल्या गुणतक्त्यात दिसत नाहीत, म्हणून पटकन लक्षातही येत नाहीत. यावरचा एक चांगला उपाय म्हणजे ‘बुआ’ नावाची उसनवारीची केंद्रं. स्की, स्केट्स, हेल्मेट तिथून फुकट नेता येतं, आणि देताना कुणाची ऐपत विचारत नाहीत. डॉक्टरचं मूलही तिथूनच नेतं, त्यामुळे कुणाला कमीपणा वाटत नाही. वर्गणीला आणि बाहेरगावच्या स्पर्धांच्या खर्चाला मात्र असं उत्तर अजून सापडलेलं नाही. आमच्या संघाच्या पालकसभेत काही जणांना परदेशातली स्पर्धा हवी आहे. मी तिच्या विरोधात बोलणार आहे, आणि सोबत बोलायला आणखी दोघी तयार झाल्या आहेत.