बिली जॅकचा उजवा पाय

अमेरिकेच्या नैऋत्य भागातले एक लहान गाव. तिथल्या आइस्क्रीमच्या दुकानात जवळच्या एका मुक्त शाळेची काही मुले येतात. त्यांतली काही मूळनिवासी आहेत, ज्यांना आमच्या शाळेच्या पुस्तकांत रेड इंडियन म्हटलेले असे. दुकानदार त्यांना आइस्क्रीम द्यायला तयार होत नाही. गावातल्या एका बड्या असामीचा मुलगा बर्नार्ड पुढे येतो, पीठ उचलतो आणि एकेका मुलाच्या तोंडावर ओततो, म्हणजे ती गोरी होतील आणि मग त्यांना आइस्क्रीम देता येईल. बर्नार्डला हा मोठाच विनोद वाटतो. मुले पिठाने माखलेल्या चेहऱ्यांनी उभी राहतात, कारण मारणाऱ्यावर हात उगारायचा नाही हेच त्यांच्या शाळेने त्यांना शिकवलेले असते.

१९७१ साली आलेल्या ‘बिली जॅक’ या चित्रपटातला हा प्रसंग मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिला आणि अजून तो डोळ्यांपुढून हललेला नाही. मारामारीच्या चित्रपटात अपमान दाखवणे हा नेहमीचा मसाला असतो, कारण अपमान जितका मोठा तितकी पुढची धुलाई गोड लागते. हे ठाऊक असूनही तो प्रसंग आत कुठेतरी लागतो. मग काळी हॅट घातलेला बिली दुकानात शिरतो. तो लगेच हात उचलत नाही. आपण किती प्रयत्न करतो, शाळा चालवणारी जीन आणि तिची मुले सांगतात तसे शांत राहण्याची आपली किती मनापासून इच्छा असते, हे तो जवळजवळ कुजबुजल्यासारखे सांगत जातो, आणि असे काही समोर आले की आपला ताबा सुटतो, असे म्हणता म्हणता त्याचा ताबा खरोखरच सुटतो.

हा चित्रपट टॉम लॉफलिन आणि त्याची पत्नी डेलोरेस टेलर यांनी मिळून लिहिला. बिली तो झाला आणि जीन ती. दिग्दर्शनही लॉफलिनचेच, पण त्यावर नाव टी. सी. फ्रँक असे घातलेले आहे. बिली अर्धा नवाहो या मूळनिवासी जमातीचा, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला ग्रीन बेरे, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या विशेष दलाचा सैनिक आणि हापकिडो या कोरियन युद्धकलेत तरबेज. टेलरचे बालपण दक्षिण डकोटात मूळनिवाशांच्या राखीव प्रदेशाजवळ गेले होते आणि तिथे त्या लोकांना मिळणारी वागणूक लॉफलिननेही १९५०च्या दशकात पाहिली होती. त्यामुळे कथेमागची चीड उसनी नाही. मात्र पडद्यावरच्या त्या अर्ध्या नवाहोची भूमिका एका गोऱ्या नटाने केली आहे, ही गोष्ट आज पाहताना खटकते आणि खटकायलाच हवी.

चित्रपट ज्यासाठी लोकांच्या लक्षात राहिला तो प्रसंग दुकानाच्या बाहेर, गावच्या बागेत घडतो. बर्नार्डचा बाप पोसनर आपल्या माणसांसह बिलीला घेरतो. बिली बूट काढतो आणि अनवाणी पायांनी गवतावर उभा राहतो. मग तो पोसनरला अगदी शांतपणे सांगतो की हा माझा उजवा पाय मी तुझ्या चेहऱ्याच्या या बाजूवर मारणार आहे आणि तुला त्याबाबतीत काहीही करता येणार नाही. आणि सांगितल्याप्रमाणे मारतो. या झुंजींची आखणी हापकिडोचे गुरू बाँग सू हान यांनी केली होती आणि काही ठिकाणी लॉफलिनच्या जागी प्रत्यक्षात तेच आहेत. ब्रूस लीचे गारूड अमेरिकेवर पसरण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

माझ्यासोबत माझा बारावीतला भाचा हा चित्रपट पाहत होता. शाळेतली गाणी आणि चर्चा सुरू झाल्या की तो उठून चिवडा आणायला जाई. बागेतला प्रसंग मात्र त्याने तीन वेळा मागे नेऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत अनवाणी उभे राहून तुळशीशेजारची कुंडी फोडली. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने चित्रपट अगदी बरोबर पाहिला होता. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की शांततेच्या गोष्टी करणारा हा चित्रपट अखेर न्यायासाठी कायद्यापेक्षा बळाच्याच बाजूने कौल देतो. तो आक्षेप मला पटतो. पण त्याचे कारण मला थोडे वेगळे दिसते.

हा चित्रपट हिंसेला विद्या मानतो आणि अहिंसेला नुसती भावना. बिलीच्या पायामागे वर्षानुवर्षांची तालीम आहे, हे त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसते. जीनच्या मुलांच्या अहिंसेमागे काय आहे? गिटार, गाणी, गोड चेहरे आणि मार खाताना खाली घातलेली मान. ती मुले शाळेत उत्स्फूर्त प्रहसने करतात, पोलिसांची आणि गावपुढाऱ्यांची झकास टर उडवतात, म्हणजे तालमीचे साधन त्यांच्या हाताशी आहे. पण आइस्क्रीमच्या दुकानात असा प्रसंग आला तर उभे कसे राहायचे, कोणी काय बोलायचे, एक जण खाली पडला तर त्याची जागा कोणी घ्यायची, याची तालीम करताना ती एकदाही दिसत नाहीत. अशा लढतीत लाथ जिंकणारच.

आणि ही तालीम काही कल्पनेतली नव्हती. तिचा एक धागा आमच्या नागपुरातून जातो, हे मला बऱ्याच उशिरा कळले. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजवरून मी कित्येक वर्षे ये-जा केली, पण १९५३ ते १९५६ या काळात तिथे जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून राहिला होता आणि मुलांना खेळ शिकवत होता, याचा मला पत्ताच नव्हता. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तो १३ महिने तुरुंगात राहून आलेला होता. गांधीजींचा मार्ग त्यांच्याच देशात राहून समजून घ्यावा, ही त्याची ओढ होती. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेतल्या माँटगमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली.

अमेरिकेत परत गेल्यावर लॉसनने नॅशव्हिल शहरात एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. काही विद्यार्थी गोऱ्या गुंडांची सोंगे घेत आणि आपल्याच मित्रांना शिव्या देत, केस ओढत, खुर्चीवरून खाली पाडत. दुसऱ्यांनी डोके कसे वाचवायचे, नजर कशी खाली पडू द्यायची नाही, पुन्हा खुर्चीवर कसे बसायचे, हे घोटून घ्यायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये हीच मुले दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली आणि अटक मार खाणाऱ्यांनाच झाली. पण एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी तुकडी येऊन त्याच खुर्च्यांवर बसत होती. १० मेपासून नॅशव्हिलच्या काउंटरांवर कृष्णवर्णीयांना खायला मिळू लागले. आइस्क्रीमच्या दुकानातला तो प्रसंग प्रत्यक्षात कसा सोडवता येतो, याचे उत्तर असे चित्रपटाच्या ११ वर्षे आधीच देऊन झाले होते.

लॉसनची स्वतःचीही एक थप्पड होती. लहानपणी एका गोऱ्या मुलाने वंशावरून शिवी दिली म्हणून त्याने त्याच्या मुस्कटात मारली आणि घरी येऊन आईला अभिमानाने सांगितले. आई स्वयंपाकात होती; मागे न वळता तिने फक्त विचारले की त्यातून काय साधले. बिलीला हा प्रश्न कोणी विचारत नाही असे नाही. जीन विचारते. पण त्यावर मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी बंधू कुठे आहेत, असा उलट प्रश्न करून तो तिला गप्प करतो. या साऱ्यांची हत्या होऊन तेव्हा दहा वर्षेही झालेली नव्हती, हे लक्षात घेतले तर त्याचा प्रश्न प्रेक्षकांच्या किती वर्मी लागला असेल, हे समजते.

तरीही चित्रपटात एका ठिकाणी अहिंसेचे वजन कळते, आणि ते टेलरमुळे. बर्नार्ड जीनवर बलात्कार करतो आणि ती ते बिलीपासून लपवते, कारण त्याला कळले तर तो बर्नार्डला मारेल आणि त्यापाठोपाठ शाळा, मुले, सगळेच जाईल, हे तिला ठाऊक असते. टेलर काही कसलेली अभिनेत्री नव्हती. तिचा आवाज सपाट आहे, चेहरा ओढलेला आहे, आणि तिथे नेमके तेच उपयोगी पडते. ही बाई गोड बोलत नाही, तिला राग येत नाही असेही नाही. ती रोज हिशेब करते आहे. चित्रपटाने बिलीऐवजी तिच्यावर अर्धा तास जास्त घालवला असता तर मी तो भाच्याला पुन्हा दाखवला असता.

शेवटी बिलीच्या हातून बर्नार्ड मारला जातो, बिली एका चर्चमध्ये अडकतो, पोलिसांचा वेढा पडतो, आणि जीन त्याला शरण जायला लावते. शाळा पुढची दहा वर्षे चालू राहील आणि ती जीनच चालवील, या अटीवर. हातकड्या घातलेल्या बिलीला गाडीतून नेतात तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी असलेली मुले मुठी उंचावतात आणि मागे एका शिपायाचे गाणे वाजत राहते. १९७३ मध्ये लॉफलिनने चित्रपट स्वतःच्या हिमतीवर पुन्हा प्रदर्शित केला, थेट थिएटरे भाड्याने घेऊन आणि गावोगावच्या टीव्हीवर जाहिराती करून, तेव्हा तरुण प्रेक्षकांनी गर्दी केली ती या मुठींसाठी की त्या पायासाठी, हे कोण सांगणार?

भाच्याने चित्रपट संपल्यावर एवढेच विचारले, “मामा, पुढच्या भागात तो हातकड्या तोडतो ना?” मी सांगितले की पुढचा भाग जवळजवळ तीन तासांचा आहे, त्यात खटला चालतो आणि बिली तुरुंगात जातो. त्याचा चेहरा पडला आणि तो नवी कुंडी आणायला निघून गेला.