फिक्सी अपडेट: बूट चाकाला घासायचा थांबला, आणि ४९ साइजचा घोळ एकदाचा सुटला

झालं एकदाचं! काल पार्किंगमध्ये भाचीनं लाल सायकलवर आठ काढला, अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी, आणि बूट पुढच्या चाकाला कुठेच लागला नाही. "मामा, लागत नाहीये!" असं ती तिकडून ओरडली तेव्हा मला जो आनंद झाला तो इथल्या लोकांनाच कळेल, कारण निळ्या फ्रेमवर याच आठात तिचा बूट दर वळणाला घासत होता हे तुम्ही मागच्या अपडेटमध्ये वाचलंय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, चाक फिरतंय तोवर पायडलही फिरत राहतं. भाचीची उंची १५८ सेंमी, इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची आतली लांबी) ७३. इनसीम आपल्या नेहमीच्या पद्धतीनं घेतलेला, म्हणजे अनवाणी, पाठ भिंतीला, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक खालून घट्ट वर आणि पुस्तक सरळ आहे का बघायला सुताराचा गुण्या. आधी हायब्रिड चालवलीय, फिक्स्ड पहिल्यांदाच. कॉलेज ते घर, मधे सेनापती बापट (एसबी) रोडचा चढ, बाकी पुण्यातले स्पीडब्रेकर आणि खड्डे सगळ्यांना माहीत आहेतच.

आता मूळ घोळ. सगळीकडे पहिलं काय सांगतात, तर इनसीमवरून फ्रेम काढा. ७३ ला ०.६५ ने गुणलं की ४७.५, ही सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा मधला आस) मध्यापासून दांडीच्या (टॉप ट्यूब, वरची आडवी नळी) मध्यापर्यंत. ०.६७ ने गुणलं की ४९, ही सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत. म्हणजे एका दुकानाची ४७ आणि दुसऱ्याची ४९ ही एकच फ्रेम असू शकते आणि निम्मे विक्रेते कुठून कुठपर्यंत मोजलंय ते लिहीतच नाहीत, हा माझा जुना राग आहे, विकत घ्यायच्या आधी हे विचाराच आणि उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जा. असो. तर फॉर्म्युल्यानं ४९ आली, निळी ट्रॅक फ्रेम (व्हेलोड्रोमसाठी, म्हणजे शर्यतीच्या गोल ट्रॅकसाठी बनलेली) ४९ वरच्या टोकापर्यंत, कागदावर सगळं चोख.

पण हे फॉर्म्युले रोड बाइकवरून आलेत. ट्रॅक फ्रेमची बीबी मुद्दाम उंच ठेवलेली असते कारण फिक्स्डवर वळणात पायडल थांबवता येत नाही, आतलं पायडल जमिनीला लागलं की मागचं चाक उचललं जातं आणि माणूस आडवा. निळीचा बीबी ड्रॉप (चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा बीबी किती खाली ते) ५५ मिमी, २५ च्या टायरवर बीबी जमिनीपासून २८१. जुन्या रोड फ्रेमला ड्रॉप ७० च्या आसपास असतो, म्हणजे बीबी दीड सेंटीमीटर खाली. आता सीट ट्यूब तेवढीच ठेवून बीबी वर नेली की दांडीपण वर जाणार! निळीची दांडी जमिनीपासून ७५ सेंमीच्या वर निघाली. भाचीचा इनसीम ७३, त्यात बुटाचा सोल दोन धरला तरी ७५. सिग्नलला उतरून उभं राहायचं तर दांडी टेकणारच, आणि नवशिक्या माणसाला फिक्सीवर सगळ्यात जास्त वेळा हेच करायला लागतं, अचानक उतरणं. तेव्हा ट्रॅक जॉमेट्री असेल तर फॉर्म्युल्याच्या आकड्यातून एक साइज खाली या आणि मग स्टँडओव्हर (जमिनीपासून दांडीपर्यंतची उंची) टेपनं मोजून बघा, किमान दोन-अडीच सेंमी मोकळे पाहिजेत.

पण मग एक साइज खाली आलं की पुढची पंचाईत, फ्रेम जितकी छोटी तितकं पुढचं चाक पायाजवळ. चाक तर ७०० सीच (नेहमीचं रोडचं माप) राहतं ना, ते काही साइजप्रमाणे लहान होत नाही. हा टो ओव्हरलॅपचा (बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागण्याचा) प्रश्न मी इतके दिवस दुय्यम म्हणून वाचत आलो होतो, फ्रीव्हीलवर (जिथं पायडल थांबवता येतं) तो खरंच दुय्यम आहे, हळू वळताना पाय मागे धरून ठेवायचा, संपलं. फिक्स्डवर पाय धरून ठेवता येत नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, आणि यू टर्नच्या मधोमध बूट चाकाला लागला की हँडल झटक्यात सरळ होतं. ज्याला अजून ट्रॅकस्टँड (पाय न टेकता जागेवर तोल सांभाळणं) येत नाही, ब्रेकचा अंदाज नाही, त्याच्यासाठी हे फार वाईट आहे. म्हणून माझं आता ठाम मत झालंय की बुटक्या आणि नवशिक्या रायडरसाठी फिक्सीची साइज सीट ट्यूबवरून बघूच नये, आधी फ्रंट सेंटर बघावा.

फ्रंट सेंटर म्हणजे बीबीच्या मध्यापासून पुढच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर. टेप लावला की कळतं. निळीचं ५४६ मिमी. आता यात काय काय बसवायचंय बघा: क्रँक (बीबीपासून पायडलपर्यंतचा हात) १६५, पायडलच्या एक्सलपासून भाचीच्या बुटाच्या टोकापर्यंत ९५, आणि चाकाची त्रिज्या ३११ अधिक टायर २५ म्हणजे ३३६. बेरीज ५९६. जागा ५४६. पन्नास मिलिमीटर कमी! यात थोडी सूट मिळते, कारण बूट चाकाच्या रेषेत नसतो, बाजूला असतो, चाक सुमारे १७ अंश वळल्यावरच बुटापाशी पोचतं आणि तेवढं वळताना त्याची मागची कड अंदाजे १५ मिमी पुढे सरकते. म्हणूनच वेगात असताना काही होत नाही, तेव्हा हँडल इतकं वळतच नाही. पण १५ सोडले तरी ३५ उरतातच.

ज्या ऑनलाइन दुकानातून निळी घेतली त्यांना विचारलं तर म्हणाले छोटा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) लावा. स्टेम छोटा केला की हात जवळ येतील, चाक जिथं आहे तिथंच राहणार ना! सीट मागे घेऊनही तेच, बीबी आणि चाक दोन्ही फ्रेमला आणि चिमट्याला (फोर्क) बांधलेले आहेत. स्टेम आणि सीट रीचसाठी (हात किती लांब पोचवायचे त्यासाठी), टो ओव्हरलॅपसाठी फक्त चार गोष्टी हलवता येतात: फ्रेम-चिमटा, क्रँक, चाक-टायर आणि बूट. त्यांच्या चार्टमध्ये फ्रंट सेंटरही नव्हता आणि स्टँडओव्हरही नव्हता. असा चार्ट देणाऱ्यांकडून मी परत फ्रेम घेणार नाही.

मग लाल. ही रविवारच्या जुन्या बाजारातून घेतलेली स्टीलची स्पोर्ट फ्रेम, २७ इंची चाकांची, मी ती खरं तर स्वतःसाठी सिंगलस्पीड करायला ठेवली होती. ४७ वरच्या टोकापर्यंत, दांडी सरळ, जमिनीपासून ७२ च्या जरा खाली. टेप लावला तर फ्रंट सेंटर ५७७! निळीपेक्षा ३१ जास्त, आणि ही फ्रेम दोन सेंटीमीटर छोटी आहे, लक्षात घ्या. कारण हेड अँगल (चिमटा बसतो त्या हेड ट्यूबचा कोन) ७१ आणि चिमट्याचा बाक ५५ मिमी, निळीचा ७४ आणि ३८. मला भीती होती की इतका आडवा हेड म्हणजे सायकल सुस्त वळेल, पण ट्रेल (सायकल किती सुस्त वळते ते ठरवणारं अंतर) काढला तर दोघींचा ५७ च्या आसपास, बाकानं अँगलची भरपाई केलीय. जुन्या लोकांनी डोकं लावून बनवलेल्या आहेत या फ्रेम.

रीचचंही असंच. निळीची टॉप ट्यूब ५१, लालची ५२, कागदावर लाल लांब वाटते. पण निळीचा सीट अँगल ७५ आहे, लालचा ७३. हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यातून ओळंबा सोडला आणि बीबीपासून आडवं मोजलं तर निळीचा रीच ३७५, लालचा ३७०. सीट ट्यूब उभी केली की टॉप ट्यूबचा आकडा आपोआप छोटा दिसतो, छोट्या साइजमध्ये हे सर्रास करतात. त्यामुळे दोन फ्रेमची तुलना करायची तर स्टॅक (बीबीपासून हेड ट्यूबच्या टोकाची उंची) आणि रीच, टॉप ट्यूब नाही.

पण लालमध्ये बीबी खाली आहे, ७०० सीची चाकं लावल्यावर २६८. १६५ चा क्रँक लावला तर खालच्या टोकाला पायडलचा एक्सल जमिनीपासून १०३ वर, निळीवर ११६ होता. इथं मी बराच अडकलो. आणि मग साधी गोष्ट सुचली की क्रँक छोटा केला तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, पाय चाकापासून लांब जातो आणि पायडल जमिनीपासून वर येतं. १५२ चा क्रँक धरा: २६८ वजा १५२ म्हणजे ११६. निळीइतकंच! आणि पुढे १५२ अधिक ९५ अधिक ३३६ म्हणजे ५८३, जागा ५७७, सहा कमी पण ती १५ ची सूट आहे, म्हणजे बोटभर मोकळं. आकडे जुळले तेव्हा मी वही घेऊन घरभर फिरत होतो.

१५२ चा चांगला क्रँक इथं मिळत नाही, बाहेरून मागवला तर ड्युटी धरून परवडत नाही. म्हणून जुना १७५ चा भरीव अॅल्युमिनियमचा क्रँक घेतला आणि भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये २३ मिमी आत नवीन भोक पाडून आटे पाडून घेतले. कुणी करणार असेल तर दोन गोष्टी: डाव्या बाजूला उलटे आटे लागतात, ९/१६ चा उलटा टॅप त्यांच्याकडे आहे का आधी विचारा, आणि पोकळ किंवा मागून कोरलेला क्रँक अजिबात कापू नका, भरीवच पाहिजे. १५ मिमीनं कमी करायचं डोक्यात असेल तर जमणार नाही, नवीन भोक जुन्याला जाऊन भिडतं, म्हणून १७५ वरून सुरुवात. काम सुरेख झालंय, दोन्ही पायडलं हातानं शेवटपर्यंत फिरली.

बाकीचं पटापट. बीबीचा जुना उजवा कप निघत नव्हता, पेठेतल्या काकांनी रात्रभर रॉकेल घालून ठेवलं आणि सकाळी एका हिसक्यात काढला, अर्थात उलट्या दिशेनं. कप निघाला तो क्षण फार गोड होता, कारण आत आटे नव्यासारखे होते. मागे १२६ ची जागा, हब (चाकाचा मधला भाग) १२० चा, दोन्हीकडे तीन-तीनचे वॉशर. ड्रॉपआउट (चाक बसतं त्या खाचा) आडवे आहेत त्यामुळे चेन ताणायला त्रास नाही. चाक २७ वरून ७०० सी केल्यामुळे ब्रेकचे गुटके चार मिमी खाली घ्यावे लागले, जुन्या कॅलिपरमध्ये तेवढी जागा होती. आणि हो, पुढचा ब्रेक राहणार म्हणजे राहणार. निळीच्या चिमट्याला ब्रेकचं भोकच नाही, ती व्हेलोड्रोमसाठी बनलेली आहे, तिथं ना यू टर्न ना खड्डा ना अचानक रस्त्यात येणारी रिक्षा, तिथं टो ओव्हरलॅपनं कुणाचं काही बिघडत नाही. रस्त्यावर नवशिक्यानं ब्रेकशिवाय फिक्सी चालवू नये, यावर माझ्याशी वाद घालू नका.

गिअर मी आधी ४६/१७ (पुढे ४६ दात, मागे १७) ठरवला होता. पण क्रँक छोटा म्हणजे पायाला तरफ कमी, तोच गिअर साडेआठ टक्के जड लागणार. आणि त्या जुन्या क्रँकवर आतली चेनरिंग ४२ ची निघाली, दात चांगले आहेत! ४२/१७ म्हणजे ६५ गिअर इंच (गिअर किती जड ते सांगणारा आकडा), छोट्या क्रँकवर जवळजवळ ४६/१७ सारखंच लागेल, एसबी रोड चढता येईल. १७ चा कॉग (मागचं दातेरी चक्र) ठेवायचं कारण स्किड पॅच (मागचं चाक घसरवून थांबताना टायर झिजतो त्या जागा), ४२ आणि १७ या दोघांना एकाच आकड्यानं भाग जात नाही त्यामुळे टायर १७ ठिकाणी झिजेल. ४८/१६ लावणाऱ्यांचा टायर एकाच जागी जातो हे विसरू नका. कॉगसाठी मिचे कंपनीचा कॅरिअरवाला प्रकार घेतलाय, कॉग बदलायला चेनव्हिप (कॉग सोडवायचं हत्यार) घेऊन झुंजावं लागत नाही, नवीन माणसाला गिअर बदलून बघायचे असतील तर हाच घ्या.

सीटची उंची इनसीमला ०.८८३ नं गुणून ६४.५ येते, छोट्या क्रँकसाठी सेंटीमीटरभर वर आणि फिक्स्डवर उतारात पाय भरभर फिरताना ती सीटवर उडू नये म्हणून चार मिमी खाली, सध्या ६५.१ वर आहे. गुडघ्याची तक्रार नाही.

आता लिहिता लिहिता लक्षात आलं की पावसाळ्यात मडगार्ड लागणार आणि पूर्ण मडगार्ड तो बोटभर फटच खाऊन टाकेल. आधी वाटलं ६५० बी (जरा लहान) चाकं करावीत. २५ ऐवजी ३२ चा टायर धरला तरी त्रिज्या ३२४, बुटापाशी १२ मिमी मिळतात. पण बीबीपण १२ नं खाली, पायडल १०४ वर, म्हणजे क्रँकवर केलेली सगळी मेहनत पाण्यात, शिवाय ब्रेकचे गुटके आणखी १९ मिमी खाली न्यावे लागतील, तेवढा लांब कॅलिपर वेगळा शोधा. नको. त्यापेक्षा मडगार्ड चिमट्याच्या मागे थोड्या अंतरावर कापायचा आणि तिथून खाली मऊ रबराची झडप लावायची, बूट लागला तरी रबर वाकेल, हँडल ओढलं जाणार नाही. जुनी ट्यूब उभी कापून दोन थर शिवले तर पुरेसं कडक होईल असं वाटतंय, या रविवारी करून बघतो.

निळी फ्रेम विकायची आहे, बालेवाडीला ट्रॅकवर चालवणारं कुणी असेल तर सांगा. इनसीम किमान ७७ पाहिजे, आणि मला बुटाचा नंबरसुद्धा कळवा, मी फ्रंट सेंटरची बेरीज करूनच देईन.